दोन नंबरची चौकट

१

सेलूत सिद्धोधनला लोक अजूनही केबलवालेच म्हणतात. धंदा बंद पडून आठ वर्षं झाली, गच्चीवरच्या मोठ्या छत्रीत कबुतरांनी संसार मांडला, तरी स्टेशन रोडला कुणी पत्ता विचारला तर ‘केबलवाल्याच्या घराच्या अलीकडं’ असंच सांगतात. एके काळी वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीतून साडेतीनशे घरांत चित्र जायचं. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की खालून हाका यायच्या आणि हा पक्कड खिशात घालून खांबावर चढायचा. पुढं लोकांनी आपापल्या छत्र्या बसवल्या, मग मोबाईल आले, आणि एक दिवस त्यानं त्या खोलीला कुलूप घालून किल्ली बायकोच्या हातात दिली.

ते कुलूप उघडायला लावलं अर्पितानं. एकुलती एक मुलगी, परभणीहून कॉम्प्युटर शिकून आलेली. ती, गल्लीतली पिंकी, आणि बोरीहून शिकायला येऊन सेलूत खोली करून राहिलेला बालाजी, असे तिघं मिळून कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायचे. आणि तो खेळ बघायला लोक बसतात, हे काही केल्या सिद्धोधनला पटेना.

“दुसऱ्यानं खेळलेलं बघून काय मिळतंय?”

“तुमी क्रिकेट बघता तवा कोण खेळतंय, पप्पा? तुमीच का?” अर्पिता म्हणाली. मग खाली बसून तिनं वहीत चौकोन काढून दाखवले. “हे तीन कॉम्प्युटर. तिघं तीनवर खेळणार. तिघांचे पडदे वायरनं ह्या चौथ्या मशीनमधी आणायचे, तिथं जुळवायचे, आणि एकच चित्र बाहेर सोडायचं. ह्या मशीनवर एक माणूस बसायला लागतंय. केबलचंच काम हाय की हे.”

त्यानं ती वही हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “वायरी मी ओढतो. तुमी हात लावू नका.”

शेजारच्या अडगळीच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले. एक नंबर पिंकीचा, मधला दोन नंबर अर्पिताचा, तीन नंबर बालाजीचा. भिंतीला भोक पाडून तिन्ही वायरी सिद्धोधननं आपल्या खोलीत आणल्या. पडद्यावर चार चौकटी. तीन पोरांच्या, आणि चौथीत बघणारे लोक काय काय लिहितात ते. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात त्या त्या पोराचा चेहरा, आणि खाली आवाजाची एक हिरवी पट्टी. कुणी बोललं की ती पट्टी वर उसळायची. त्याच्या कानाला हेडफोन, तोंडाशी माईक. नंबराचं बटण दाबलं की त्याचं बोलणं फक्त त्या एकाच्या कानात जायचं, बाहेर कुणाला ऐकू यायचं नाही.

रोज दुपारी तीन ते पाच. पाचनंतर बालाजीला दूध डेअरीत कामाला जायचं असायचं. पावणेतीनला सिद्धोधन केस विंचरून वर जायचा, एखाद्या हपिसात निघाल्यासारखा. विजयमाला, त्याची बायको, चार वाजता चहा घेऊन लोखंडी जिन्यानं वर यायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघून हसायची. आठ वर्षांत असा उत्साह तिनं त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता.

हे एक वर्ष चाललं. सप्टेंबरात अर्पिता गेली. ताप आला, तो मेंदूत गेला. रात्री परभणीला नेली, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी आणली. तेवीस वर्षांची होती.

२

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि घर जे गप झालं ते झालंच. विजयमाला अंगणवाडीत जायची, यायची, स्वयंपाक करायची. सिद्धोधन ओसरीत बसून रस्त्याकडं बघायचा. वरच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. फक्त एकदा विजयमाला एकटी वर जाऊन आली. दोन नंबरच्या कॉम्प्युटरची वायर तिनं भिंतीतून उपसली, गुंडाळून टेबलावर ठेवली आणि अर्पिताची जांभळी ओढणी त्या सगळ्यावर पांघरून घातली.

डिसेंबरात पिंकी आणि बालाजी आले. दारातच घुटमळले. जिनिंगचा हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि हवेत सरकी काढताना उडणारा तो बारीक कापूस तरंगत होता. पिंकीच्या केसांतही बसला होता.

“काका,” बालाजी म्हणाला, “तुमी न्हाई म्हणलात तर आमी परत विषय काढणार न्हाई. पण लोक विचारायलेत. अर्पीनं एवढं उभं केलं, ते असंच...”

सिद्धोधन काही बोलायच्या आत आतून विजयमाला आली. “करा चालू,” ती म्हणाली. “वरून काही तरी आवाज येऊ द्या. घर लय गप झालंय.”

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तो वर गेला. मशीनवरची धूळ पुसली. चालू केल्यावर पडद्यावर जुन्या चारही चौकटी आल्या. एक आणि तीन उजळल्या, दोन काळी. त्या काळ्या चौकटीवर बाण नेऊन त्यानं ती काढून टाकली. मशीननं विचारलं, नक्की काढायची का? त्यानं ‘हो’ दाबलं, आणि हात मांडीवर ठेवून जरा वेळ बसला. मग रिकाम्या जागेत तिघांच्या टीमचं नाव लिहून टाकलं.

पहिला दिवस बरा गेला. पोरं हळू आवाजात खेळली. बघणाऱ्यांनी फुलं पाठवली, हात जोडलेले पाठवले. पाच वाजता सगळं बंद करताना सिद्धोधनला वाटलं, जमेल. असं जमत जाईल.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर टीमचं नाव नव्हतं. तिथं दोन नंबरची चौकट होती.

३

काळीच होती. त्यानं ती काढली. मशीननं विचारलं, त्यानं ‘हो’ दाबलं. तिसऱ्या दिवशी परत आली. जुनी मांडणी मशीनच्या डोक्यात कुठं तरी राहिली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ही यंत्रं विसरत नसतात.

चौथ्या दिवशी खेळ अर्ध्यावर आला असताना त्याचं लक्ष गेलं. चौकट काळी नव्हती. आत खेळ सुरू व्हायच्या आधीचं ते मैदान होतं, जिथं सगळे गोळा होऊन वाट बघतात. मैदानात एकच खेळाडू उभा. निळं जाकीट, पाठीला पिवळी पिशवी. अर्पिताचा. काही करत नव्हता, नुसता उभा होता. श्वास घेतल्यागत खांदे वरखाली होत होते.

बाहेर जाणाऱ्या चित्रात हे नव्हतं. त्यानं लगेच मोबाईल काढून बघितलं. लोकांना पिंकी दिसत होती, बालाजी दिसत होता, मधे टीमचं नाव दिसत होतं. चौकट होती ती फक्त त्याच्या पडद्यावर.

पोरं गेल्यावर तो शेजारच्या खोलीत गेला. ओढणी जशीच्या तशी. खालून हात घालून बघितलं, वायर गुंडाळलेली, टोक मोकळं. तिन्ही वायरी जिथं एकत्र येत होत्या त्या डबीवर तीन बारके दिवे होते. एक आणि तीन विझलेले, कारण कॉम्प्युटर बंद होते. दोन नंबरचा लुकलुकत होता. त्यानं डबीला वीज देणारी वायरच ओढून काढली. हातात वायर धरून तो दिव्याकडं बघत राहिला. दिवा लुकलुकतच होता.

तीस वर्षं त्यानं चित्रं वाहून नेली होती. अँटेनाच्या काळात कधी कधी टीव्हीवर माणसाशेजारी त्याच माणसाची फिकट सावली दिसायची. लोक घाबरायचे. तो समजावून सांगायचा, काही नाही, तेच चित्र आहे, पाण्याच्या टाकीवर आदळून लांबच्या रस्त्यानं आलं, म्हणून उशिरा पोचलं. त्यानं आता स्वतःला तेच सांगितलं. कुठं तरी अडकलेलं जुनं चित्र असेल. उशिरा पोचत असेल.

पण उशिरा म्हणजे किती उशिरा? आणि कुठल्या वायरीनं?

खोलीत जाऊन तो परत मशीनसमोर बसला. चौकटीच्या कोपऱ्यात, जिथं अर्पिताचा चेहरा दिसायचा, तिथं आता सगळं जांभळं होतं. मंद, विणीविणीतून उजेड झिरपल्यासारखं. ते काय आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. ओढणीच्या आतून बघितलं तर खोली अशीच दिसली असती.

४

त्यानं कुणाला सांगितलं नाही. विजयमालाला तर नाहीच. तिला काय सांगणार होता?

रोज तीनला चौकट उजळायची. निळ्या जाकिटाचा खेळाडू उभा असायचा. हळूहळू सिद्धोधनला बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. अर्पिताच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्यात चार वाजून दहा मिनिटं झालेली असायची. मग अकरा, बारा, तेरा, चौदा. आणि चौदानंतर परत दहा. बाहेर तीन वाजलेले असोत का पाच, ते घड्याळ चार चौदाच्या पुढं कधीच जायचं नाही.

आणि आवाजाची पट्टी. प्रत्येक फेऱ्यात, दहाचे अकरा व्हायच्या जरा आधी, ती हिरवी पट्टी एकदा उसळायची. कुणी तरी एक छोटंसं वाक्य बोलल्यासारखी. मग थोडं थांबून अगदी बारकी, एका शब्दाएवढी. मग गप्प.

त्या चौकटीचा आवाज बंद केलेला होता. सप्टेंबरातल्या त्या दुपारी त्यानं स्वतःच बंद केला होता, आणि तो तसाच राहिला होता. एक बटण दाबायचं, की ऐकू आलं असतं. त्याचा हात बटणाकडं जायचा आणि परत यायचा.

एक दिवस खेळ संपल्यावर पिंकी त्याच्या खोलीत आली. थंडी कडाक्याची होती, परभणीकडची ती डिसेंबरातली थंडी ऊन उतरायला लागलं की हातपाय आखडवते. पोरगीनं मात्र स्वेटरची एक बाही काढून टाकली होती.

“काका, मी माझा कॉम्प्युटर दाराकडं सरकवू का?”

“का गं?”

“मधल्या खुर्चीकडून लय गरम लागायलंय.” ती खाली बघून बोलत होती. “बालाजीलाबी लागायलंय. तो बोलत न्हाई तुमाला. ह्या बाजूचा दंड बघा.”

तिनं दंड पुढं केला. तो लाल झाला होता. चुलीशेजारी बसल्यावर होतो तसा.

“उन्हाचं असेल,” सिद्धोधन म्हणाला. “खिडकीतून तिरीप येती.”

“खिडकी दुसऱ्या अंगाला हाय, काका.”

पोरं जिना उतरून गेल्यावर तो मधल्या खुर्चीपाशी गेला. मग वाकून त्यानं खुर्चीच्या पाठीला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला. तो यंत्राचा ताप नव्हता. अर्पिता लहान असताना गोवरात तिला छातीशी घेऊन तो रात्रभर फिरला होता. ती ऊब कुठली आहे, हे त्याच्या तळव्याला विचारावं लागलं नाही.

५

ती दुपार अशी होती.

छोटीशीच स्पर्धा होती, पण राज्यभरातल्या टीम होत्या आणि अर्पिताची टीम शेवटच्या चारांत आली होती. एरवी चाळीस-पन्नास लोक बघायचे. त्या दिवशी आकडा चढत चढत सहाशेवर गेला. सिद्धोधनला घाम फुटला होता. साडेतीनशे घरं ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मजल, आणि इथं सहाशे माणसं त्याच्या हातातून चित्र घेत होती. पिंकीवरून बालाजीवर, बालाजीवरून अर्पितावर, तो असा काही हात चालवत होता की लोक लिहीत होते, कॅमेऱ्यावर कोण आहे? भारी आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी त्याच्या कानात अर्पिताचा आवाज आला.

“पप्पा, डोकं लय दुखायलंय. उठू का?”

सकाळपासून तिचं अंग कणकणत होतं. आईला सांगू नका म्हणाली होती, नाही तर खेळू देणार नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्यानं दोन नंबरचं बटण दाबलं आणि म्हणाला, “पाच मिनिटं थांब बाळा. आता उठू नको. सहाशे लोक बघायलेत.”

जरा वेळ काही नाही. मग, “बरं.”

नंतर ती अधूनमधून कण्हायला लागली. ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तिचा आवाज बंद केला. हाताच्या सवयीनं केला, एखाद्या वायरीतली खरखर काढावी तसा. पाच मिनिटांचा एक तास झाला. पाच वाजता विजयमालाच्या भाषेत ‘पोरांचं युद्ध’ संपलं, टीमचा दुसरा नंबर आला, बालाजी ओरडला. अर्पिता खुर्चीतून उठली आणि भिंत धरून खाली बसली.

त्या एका तासानं काही झालं असतं का, हे त्यानं डॉक्टरला विचारलं नाही. डॉक्टर आपण होऊन म्हणाले होते, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. सगळेच डॉक्टर म्हणतात. विजयमालानं ते ऐकलं होतं आणि स्वतःलाच दोष लावून घेतला होता. सकाळी पोरीच्या कपाळाला हात कसा लावला नाही मी, असं ती महिनाभर येईल त्याला सांगत होती. तो शेजारी बसून ऐकायचा. एकदाही त्यानं तोंड उघडलं नाही.

६

त्या रविवारी पोरं येणार नव्हती. बालाजी तुरीच्या काढणीला बोरीला गेला होता, पिंकीकडं पाहुणे आले होते. सिद्धोधननं विजयमालाला सांगितलं, मशीन साफ करायचंय, आणि वर आला.

चौकट उजळलेलीच होती. त्यानं हेडफोन कानाला लावले. घड्याळात चार चौदा झाले, मग दहा. त्यानं बटण दाबून आवाज उघडला.

आधी पंख्याचा आवाज आला. डिसेंबरात पंखा कुणी लावला नव्हता. सप्टेंबरात तो घरघरत असायचा. मग खुर्चीची करकर. मग श्वास, तोंडानं घेतलेला, जड. आणि मग अगदी कानाजवळ,

“पप्पा, डोकं लय दुखायलंय. उठू का?”

दोन नंबरचं बटण बोटाला सापडेना. सापडलं तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, “ऊठ बाळा! ऊठ, चल, दवाखान्यात जाऊ. ऊठ अर्पे!”

पण हेडफोनमधून दुसराच आवाज आला. घाईतला, खुशीतला, त्याचाच.

“पाच मिनिटं थांब बाळा. आता उठू नको. सहाशे लोक बघायलेत.”

“बरं.”

मग नुसते श्वास. मैदानात निळ्या जाकिटाचा खेळाडू उभा. अकरा, बारा, तेरा, चौदा. दहा.

“पप्पा, डोकं लय दुखायलंय. उठू का?”

किती वेळा झालं हे, त्यानं मोजलं नाही. प्रत्येक वेळी तो ऊठ म्हणायचा आणि प्रत्येक वेळी आधीचा तो, सप्टेंबरातला, थांब म्हणायचा. आणि पोरगी बापाचं ऐकायची. लहानपणापासून ऐकायची. तीन महिने ती तिथं बसून होती, कारण तिला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकून वळला. विजयमाला होती. चहा टेबलावर ठेवलेला, त्यावर साय धरली होती, म्हणजे ती कधीची उभी होती.

“काय झालं? कुणाला ऊठ म्हणायलात?”

त्यानं हेडफोन काढले आणि सगळं सांगितलं. चौकट, घड्याळ, खुर्ची. मग ती दुपार. सहाशे लोक. पाच मिनिटं. सांगताना तो तिच्या पायांकडं बघत होता. तिची पावलं हलली नाहीत.

“हे तुमी मला आज सांगायलात,” ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी कपाळ बडवत होते, आन तुमी बाजूला बसले होते.”

तिनं हेडफोन उचलून एका कानाला लावला. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. ऐकता ऐकता ते तोंड हळूहळू पार रिकामं झालं. त्याला वाटलं, आता ही पडेल. पण तिनं हेडफोन नीट टेबलावर ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारच्या खोलीत गेली.

तो उठू शकला नाही. पडद्याकडं बघत राहिला.

चौकटीच्या कोपऱ्यातलं जांभळं एकदम बाजूला झालं. विजयमालानं ओढणी उचलली होती. तिचा चेहरा दिसला. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. खाली बघत होती, खुर्चीत बसलेल्या माणसाकडं बघतात तसं. तिनं हात पुढं केला. तो हात हवेत थांबायला हवा होता. तो कशावर तरी टेकला. सिद्धोधन पडद्याच्या अगदी जवळ गेला. चित्राच्या खालच्या कडेला, तिच्या बोटांच्या मधून, घामानं कपाळाला चिकटलेले काळे केस दिसत होते. एवढंच. त्याच्या खाली कॅमेरा पोचत नव्हता.

“अर्पे,” भिंतीपलीकडून विजयमाला म्हणाली, रोजच्या आवाजात, सकाळी शाळेसाठी उठवायची त्या आवाजात. “ऊठ गं माय. चल खाली.”

खुर्ची करकरली. हेडफोनमधून नाही. शेजारच्या खोलीतून.

घड्याळात किती वाजले ते बघायचं त्याला सुचलं नाही. चौकट काळी झाली.

मग लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. विजयमालाची चाल तो तीस वर्षं ऐकत होता, गुडघा दुखतो म्हणून एका पायावर जोर देऊन उतरायची. ती पावलं ओळखीचीच होती. तिच्या मागून, एका पायरीच्या अंतरानं, दुसरी पावलं उतरत होती. हलकी, अनवाणी, थांबत थांबत.

तो दारापर्यंत गेला. दाराला हात लावला आणि उघडलं नाही. कुणाची भीती वाटली, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही.

७

दिवस कलल्यावर तो खाली आला. जिनिंगचा भोंगा होऊन गेला होता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत विजयमाला भाकरी थापत होती. दिवा लावला नव्हता. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मेणबत्ती तेवढी तेवत होती. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. त्यानं सगळीकडं बघितलं, आणि आपण बघतोय हे तिला कळतंय हेही त्याला कळलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“अंग गार पडलंय,” ती तव्याकडं बघत म्हणाली. “जिन्यात धरलं मी तिला. ताप उतरलाय.”

त्यानं मान हलवली. त्याला पुष्कळ विचारायचं होतं. ती कुठपर्यंत आली, कुठं गेली, तिचं तोंड कसं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच निघालं.

“माझ्याबद्दल काही बोलली?”

विजयमालाचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं, आणि मायेचंही नव्हतं. चुलीतलं लाकूड तेवढ्यात खाली ढासळलं, ठिणग्या उडाल्या आणि विझल्या.

मग तिनं ताट ओढलं, त्यात भाकरी ठेवली, वर मिरचीचा ठेचा घातला आणि ते ताट जमिनीवरून त्याच्यापुढं सरकवलं.

“खाऊन घ्या,” ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.